सासूबाईंच्या नाकातले जंतू कुणी आणले?

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे, थोडक्यात असं : सासूबाई ६८ वर्षांच्या, शुगर आहे. दोन्ही गुडघे झिजलेत, त्यातल्या उजव्याचं सांधेरोपण ठरलं होतं. ऑपरेशनआधी दवाखान्यात नाकात कापसाची काडी फिरवून तपासणी केली आणि रिपोर्ट ‘एमआरएसए पॉझिटिव्ह’ आला. डॉक्टरांनी ऑपरेशन तीन आठवडे पुढे ढकललं. नाकात लावायला मलमाची ट्यूब आणि अंघोळीसाठी गुलाबी औषधाची १०० मिलीची बाटली दिली. आम्ही त्याच दिवशी सुरुवात केली, बाटलीचं एक झाकण बादलीभर पाण्यात टाकत होतो. दोन दिवसांनी घरातल्या वादात सगळंच थांबलं. मी गावातल्या एका दवाखान्यात मदतनीस आहे, ड्रेसिंगच्या खोलीतही माझं काम असतं. त्यामुळे हे जंतू सुनेनंच घरात आणले, असं सगळे म्हणतात. सासूबाई सोवळंओवळं पाळणाऱ्या, मागच्या वर्षी निमोनिया होऊन नऊ दिवस दवाखान्यात होत्या तेवढंच. ‘मला कसले जंतू?’ म्हणून त्या धड जेवतही नाहीत. नणंदेचे यजमान म्हणतात, दवाखाना बदला, दुसरीकडे असलं काही निघत नाही. मेडिकलवाल्याने सात दिवसांच्या भारी गोळ्या सुचवल्यात. लघवीच्या तपासणीतही जंतू निघालेत, जळजळ-ताप काही नाही. माझा चार वर्षांचा मुलगा आजीच्या कुशीत झोपतो, त्याला वेगळं करू का? आणि मी नोकरी सोडू का?

ताई,

नोकरी सोडू नका आणि मुलाला आजीपासून तोडू नका. या दोन गोष्टी आधी सांगितल्या, म्हणजे पुढचं तुम्हाला शांतपणे वाचता येईल.

घरात जो खटला चालू आहे त्याच्या मुळाशी एक समज आहे : जंतू सापडला म्हणजे आजार झाला, आणि आजार झाला म्हणजे तो कुणीतरी दिला. या रिपोर्टच्या बाबतीत यातलं पहिलंच खरं नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा हा जंतू साधारण दर तिघांपैकी एकाच्या नाकात राहतो. नाकाच्या पुढच्या भागात, जिथे केस असतात तिथे त्याचं बिऱ्हाड. माणसाला त्याचा पत्ताही नसतो. शिंका नाहीत, ताप नाही, वास नाही. अशा माणसाला ‘वाहक’ म्हणतात. त्या जंतूची जी जात नेहमीच्या अँटिबायोटिकांना दाद देत नाही, ती एमआरएसए. स्वभावानं ती जास्त दुष्ट आहे असं नव्हे, तिच्यावर चालणारी औषधं कमी आहेत एवढंच. सासूबाईंना संसर्ग झालेला नाही. त्या वाहक आहेत.

आता हा जंतू आला कुठून? कापसाच्या काडीवरून हे कुणालाही सांगता येत नाही. मागच्या वर्षीचे दवाखान्यातले नऊ दिवस, तिथली सलाईन, तिथली अँटिबायोटिक्स हे एमआरएसए चिकटण्याचं एक नेहमीचं कारण आहे. तुमच्या हातून आला असेल का? शक्य आहे. नातवाच्या खरचटलेल्या कोपरावरून, शेजारणीकडून, बाजारातून आला असेल, हेही तितकंच शक्य आहे. तो शोध घेऊन सासूबाईंच्या गुडघ्याला काही मिळणार नाही. घरातल्या सगळ्यांच्या नाकांची तपासणीही करत बसू नका, एका ऑपरेशनसाठी तिची गरज नसते. कामावर एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात स्वच्छ करणं, घरी आल्यावर कपडे बदलून कोपरापर्यंत साबणानं हात धुणं, हे तुम्ही करत असालच. त्यापुढे तुमच्यावर काही शिल्लक उरत नाही.

सासूबाईंचं दुखणं मात्र हलक्यानं घेऊ नका. आयुष्यभर जी बाई सोवळ्यात वावरली, तिला ‘तुमच्यात जंतू’ हे ऐकणं म्हणजे तिच्या सगळ्या नेमधर्मावर बोट ठेवल्यासारखं झालं. त्यांना सांगा, की रोज दोनदा अंघोळ करणाऱ्याच्याही नाकात हा जंतू असतो, कारण अंघोळीचं पाणी तिथे पोचतच नाही. त्यांच्या स्वच्छतेत काही कमी पडलेलं नाही. एरवी निरुपद्रवी असलेली एक गोष्ट ऑपरेशनच्या काही दिवसांपुरती महत्त्वाची झाली आहे, एवढाच या रिपोर्टचा अर्थ.

महत्त्वाची का, ते नीट समजून घ्या, म्हणजे ‘दवाखाना बदला’ याचं उत्तर आपोआप मिळेल. माणूस दिवसभरात नाकाला कितीतरी वेळा हात लावतो. नाकातून बोटावर, बोटावरून कातडीवर, आणि कातडीला चीर पडली की आत, अशी ही वाट आहे. ऑपरेशननंतर जखमेत हा जंतू वाढतो तेव्हा बऱ्याचदा तो रुग्णाच्या स्वतःच्याच नाकातला किंवा कातडीवरचा निघतो. साध्या जखमेत थोडे जंतू गेले तर शरीर त्यांचा बंदोबस्त करतं. परकी वस्तू आत ठेवली की हे गणित पार बदलतं. इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी १९५७ साली स्वयंसेवकांच्या कातडीवर हे तपासलं होतं. नुसत्या कातडीत पू व्हायला लाखो जंतू लागले. तिथे टाक्याचा एक रेशमी धागा ठेवल्यावर काहीशे जंतू पुरले. धाग्याचं हे, तर गुडघ्यात बसवायच्या धातूच्या आणि प्लॅस्टिकच्या भागांचं काय असेल ते बघा. त्यांच्यावर जंतू बुळबुळीत थर धरतात, त्या थरात औषध धड शिरत नाही, आणि शेवटी बसवलेला सांधा काढून पुन्हा ऑपरेशन करायची वेळ येते.

म्हणून आधीच जंतूंची संख्या पाडायची. नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असे वाहक शोधून काढले. काहींना नाकात म्युपिरोसिन हे जंतू मारणारं मलम आणि क्लोरहेक्सिडिनची, म्हणजे तुमच्या गुलाबी बाटलीत असतं त्या औषधाची अंघोळ दिली, बाकीच्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं मलम आणि साबण. दुसऱ्या गटात या जंतूचा संसर्ग शंभरात ७.७ जणांना झाला, पहिल्या गटात ३.४ जणांना. तिथला जंतू एमआरएसए नव्हता, त्याचीच साधी जात होती, पण राहण्याची जागा आणि पसरण्याची रीत दोघांची एकच. हृदयाच्या, छातीच्या आणि हाडांच्या ऑपरेशनआधी वाहकांना नाकात म्युपिरोसिन द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये ठामपणे सांगितलं आहे.

तेव्हा नणंदेच्या यजमानांना नम्रपणे एकच विचारा : ‘दुसऱ्या दवाखान्यात नाक तपासतात का?’ जिथे काडीच फिरवत नाहीत तिथे पॉझिटिव्ह काय निघणार? ऑपरेशन पुढे ढकलून तयारी करायला लावणारा दवाखाना तुमचं काम नीट करतो आहे. हा रिपोर्ट लपवून दुसरीकडे भरती होण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो आजच काढून टाका. सगळ्या पर्यायांत तो सर्वांत धोक्याचा आहे.

गोळ्या घेऊ नका. एमआरएसएची ओळखच अशी, की पेनिसिलिनच्या घराण्यातली आणि दुकानात ‘भारी’ म्हणून मिळणारी बहुतेक सेफॅलोस्पोरिन औषधं त्याच्यावर चालत नाहीत. शिवाय पोटातून घेतलेलं औषध नाकाच्या त्या पुढच्या कोपऱ्यात पुरेसं उतरत नाही. उतरतं ते आतड्यात. तिथले उपयोगी जंतू मरतात, जुलाब लागतात, आणि जे चिवट असतात तेच मागे राहून वाढतात. ऑपरेशनच्या तोंडावर यापेक्षा वाईट तयारी नाही.

लघवीच्या रिपोर्टचंही तेच. जळजळ नाही, ताप नाही, वारंवार जावं लागत नाही, तर लघवीतल्या त्या जंतूंना हात लावायचा नाही. उतारवयात, विशेषतः शुगर असलेल्या बायकांमध्ये ते सहज सापडतात. लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन असेल तर गोष्ट वेगळी. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी लक्षणं नसताना ही तपासणी आणि तिच्यावर उपचार, दोन्ही करू नयेत, असं अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे. रिपोर्ट सर्जनना दाखवा, पण गोळ्यांचा हट्ट धरू नका.

आता तुमच्या पत्रातल्या दोन चुका. राग मानू नका, या दोन्ही चुका घरोघरी होतात.

पहिली चूक वेळेची. तुम्ही रिपोर्ट हातात पडला त्याच दिवशी कोर्स सुरू केलात. मलमाची आणि अंघोळीची ही ५ दिवसांची तयारी नाक कायमचं स्वच्छ करत नाही, काही आठवड्यांत, महिन्यांत जंतू परत येऊ शकतात. म्हणून ती ऑपरेशनला अगदी चिकटून करायची. ऑपरेशन सोमवारी असेल तर बुधवारी सुरुवात : बुध, गुरू, शुक्र, शनी, रवी, आणि सोमवारी सकाळी शेवटची अंघोळ. मध्येच थांबलात यानं मोठं नुकसान झालेलं नाही, कारण दिवस हातात आहेत. दवाखान्यात फोन करून झालेलं सगळं खरं खरं सांगा आणि नव्यानं कधी सुरू करायचं ती तारीख विचारून घ्या.

दुसरी चूक झाकणाची. बादलीत झाकणभर औषध टाकायची आपल्याला डेटॉलमुळे सवय लागली आहे. क्लोरहेक्सिडिन तसं वापरायचं नसतं. वीस लिटर पाण्यात झाकणभर म्हणजे ४ टक्क्यांच्या औषधाचं नुसतं नाव उरतं. ते ओल्या अंगावर थेट लावायचं आणि तिथे दोन मिनिटं राहू द्यायचं. डेटॉल हे त्याच्या जागी चालणारं औषध नाही, त्यातलं द्रव्यच वेगळं. सॅव्हलॉनमध्ये क्लोरहेक्सिडिन असतं, पण फार थोडं. आणि १०० मिलीची बाटली दोन-तीन अंघोळींतच संपते. एका अंघोळीला साधारण ३० ते ५० मिली लागतं, म्हणजे सहा अंघोळींना २५० मिलीच्या आसपास. आणखी बाटली आधीच आणून ठेवा. चौथ्या दिवशी औषध संपलं म्हणून पाणी घालून पुरवू नका.

अंघोळ अशी घाला. सासूबाईंना गुडघ्यामुळे खाली बसता येत नसेल, तर रबरी बुटांच्या पायांचं प्लॅस्टिकचं स्टूल मोरीत ठेवा. औषधानं फरशी निसरडी होते, तेव्हा तुम्ही किंवा नणंद जवळच थांबा. आधी डोकं शाम्पूनं, अंग नेहमीच्या साबणानं धुऊन घ्या आणि साबण पूर्ण निघेपर्यंत भरपूर पाणी ओता. साबणाचा अंश अंगावर राहिला तर तो क्लोरहेक्सिडिनला निकामी करतो, आणि बहुतेकांची गडबड नेमकी इथेच होते. मग तांब्या बाजूला ठेवा. धुतलेल्या मऊ फडक्यावर औषध घेऊन मानेपासून खाली लावत जा. काखा, स्तनांखालची घडी, बेंबी, जांघा, मांड्यांची मागची बाजू, गुडघ्यामागची खळगी, पायाच्या बोटांच्या बेचक्या या जागा सुटतात. त्या सुटल्या तर बाकीच्या अंगाला लावून फारसा उपयोग नाही, जंतू दाट असतात ते तिथेच. पाठ त्यांच्या हाताला पुरणार नाही, ती तुम्ही लावा. फेस साबणाएवढा येत नाही, म्हणून जास्त ओतू नका. दोन मिनिटं घड्याळ लावून थांबा, मग स्वच्छ पाण्यानं धुऊन टाका. त्यानंतर परत साबण लावायचा नाही.

डोळे, कान, तोंड आणि गुप्तांगाचा आतला भाग यांना हे औषध लागू देऊ नका. डोळ्याला आणि कानाच्या आतल्या भागाला त्यानं खरोखर इजा होते. चुकून गेलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. अंगावर लाल चट्टे उठले, खाज सुटली तर थांबा आणि दवाखान्यात कळवा. पूर्वी कधी अशा औषधाची किंवा जखम धुण्याच्या द्रवाची ॲलर्जी आली असेल, तर वापरण्याआधीच सांगा. क्वचित ती जिवावर बेतणारी असते.

अंघोळीनंतर तेल, पावडर, उटणं, गुडघ्याला चोळायचा बाम, हळदीचा लेप यांतलं काहीही लावायचं नाही. क्लोरहेक्सिडिन कातडीवर काही तास काम करत राहतं, त्याच्यावर हा थर नको. रोज धुतलेला टॉवेल, धुतलेले कपडे, आणि निदान एक दिवसाआड चादर व उशीचा अभ्रा बदला. या कपड्यांना ब्लीचिंग पावडर लावू नका, क्लोरहेक्सिडिनचा अंश असलेल्या कापडावर तिनं तपकिरी डाग पडतात आणि ते जात नाहीत.

इथे सोवळ्याचा प्रश्न येईल. पूजेचं रेशमी सोवळं रोज धुतलं जात नाही. त्या पाच दिवसांसाठी रोज धुऊन वाळवलेलं सुती लुगडं किंवा साडी नेसून पूजा करायला सासूबाईंची हरकत नसावी. त्यांना विचारून, त्यांच्या मनाला पटवून करा, परस्पर सोवळं उचलून ठेवू नका. हातातला गंडा, गळ्यातला काळा दोरा, जोडवी यांच्या खाली मळ साठतो. दोरे ऑपरेशनपुरते काढून देव्हाऱ्यात ठेवता येतात. आणि नाकातली चमकी! तिच्या फिरकीभोवती जे साचतं, ते नेमकं आपण मलम लावतो त्या जागेला लागून असतं. सहज निघत असेल तर पहिल्या दिवशीच काढा. ऑपरेशन थिएटरमध्ये नेताना ती काढावीच लागते.

नाकाचं मलम. म्युपिरोसिन २ टक्के, सकाळ-संध्याकाळ, ५ दिवस. म्हणजे दहा वेळा. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दहा खुणांची जागा करा आणि लावलं की खूण. तिसऱ्या दिवशी ‘नाक तर बरंच आहे’ म्हणून सोडून देणारे फार. आधी हात धुवा, सासूबाईंना नाक शिंकरायला सांगा. स्वच्छ कापसाच्या काडीवर काड्यापेटीच्या काडीच्या गुलाएवढं मलम घ्या, एका नाकपुडीच्या आत, पुढच्याच भागात फिरवा. दुसऱ्या नाकपुडीला नवी काडी. खोल घालायचं नाही. मग दोन्ही नाकपुड्या बोटांनी चिमटीत धरून मिनिटभर हलके चोळा, म्हणजे मलम सगळीकडे पसरतं. पुन्हा हात धुवा.

ट्यूबवर काय लिहिलं आहे तेही बघा. कातडीच्या जखमांसाठी मिळणाऱ्या म्युपिरोसिन मलमाचा आधार बहुधा पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा असतो आणि तो नाकाच्या आतल्या नाजूक त्वचेला झोंबतो. नाकासाठीचं वेगळं, मऊ पॅराफिनमधलं मलम येतं. तुमच्याकडे कातडीचं असेल तर स्वतःहून बंद करू नका, फोनवर डॉक्टरांना विचारा आणि बदलून घ्या. थोडी चुरचुर, नाक गळणं, घशात कडवट चव एवढं चालतं. सासूबाई तपकीर ओढत असतील किंवा मिश्री लावत असतील, तर ते दिवस तरी पूर्ण बंद. तंबाखू जखम भरण्याच्या आड येतो, तो ऑपरेशनच्या चार आठवडे आधीपासून सुटला तर सर्वांत चांगलं.

उरलेली ट्यूब जपून ठेवू नका, शेजारी देऊ नका, पुढच्या सर्दीला नाकात घालू नका. म्युपिरोसिनलाही न जुमानणारे जंतू आहेत आणि ते अशाच मनमानी वापरातून वाढतात.

पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, टाचांना भेगा पडतात. सासूबाईंचे पाय उजेडात बसवून नीट बघा, प्रत्येक बोट फाकवून. चिखल्या, भेगेतून रक्त, पायावर खाजवून काढलेली खपली, काखेत गळू, किडलेला दुखरा दात, यांतलं काहीही दिसलं तर ऑपरेशनच्या दिवसाची वाट न पाहता आधी सांगा. नाकातल्या जंतूची चिंता सगळं घर करतं आणि त्याच पायाच्या बोटांतली उघडी चीर कुणी बघत नाही.

गुडघ्यावरचे केस घरी काढू नका. वस्तऱ्यानं किंवा रेझरनं डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात आणि त्यांत जंतू भरतात. केस अडचणीचे असतीलच, तर दवाखान्यात क्लिपरनं कापतात. शुगरकडेही आत्तापासूनच बघा. ऑपरेशनच्या आसपास साखर २०० च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो, आणि तीन आठवड्यांची ही सवड त्यासाठी सोन्यासारखी आहे.

छोट्याबद्दल. आजीचं ताट, पेला, भांडी वेगळी करायची नाहीत, तिला स्वयंपाकघरातून हाकलायचं नाही, नातवाला दूर करायचं नाही. टॉवेल, रुमाल आणि नाकाचं मलम मात्र प्रत्येकाचं वेगळं. दोघांनीही नाकात बोट घातलं की हात धुवायचे. कोर्सच्या पाच रात्री त्याची गादी आजीच्या गादीला लागून पण वेगळी घातली तर आजीचं धुतलेलं अंथरूण स्वच्छ राहील. हे आजीच्या गुडघ्यासाठी आहे, मुलाच्या भीतीपोटी नव्हे, आणि आजीला ते तसंच सांगा. मुलाच्या अंगावर पू झालेली पुटकुळी किंवा गळू असेल तर डॉक्टरांना दाखवून झाकून ठेवा.

दवाखान्यात भरती होताना नाकाच्या रिपोर्टची झेरॉक्स वेगळी हातात ठेवा आणि ती भूलतज्ज्ञांना दाखवा. कारण सांगतो. चीर देण्याआधी तासाभरात अँटिबायोटिकचं इंजेक्शन देतात, ते बहुधा सेफॅझोलिन. एमआरएसएवर ते चालत नाही. अशा रुग्णाला व्हॅन्कोमायसिन किंवा टायकोप्लॅनिन द्यायचं का, हे डॉक्टर ठरवतात, आणि बऱ्याचदा ते सेफॅझोलिनच्या जोडीला देतात. व्हॅन्कोमायसिन भरकन देता येत नाही, तासाभराहून जास्त वेळ थेंब थेंब सोडावं लागतं. टेबलावर घेतल्यावर कुणाला रिपोर्ट आठवला तर उशीर झालेला असतो. म्हणून आदल्या दिवशीच विचारा, ‘नाकाचा रिपोर्ट पाहिलात ना? त्याप्रमाणे इंजेक्शन ठरलंय ना?’ हे विचारणं आगाऊपणाचं नाही.

ऑपरेशननंतर लघवीची नळी घातली असेल तर रोज विचारा, ती कधी काढणार. जितके दिवस नळी, तितका धोका चढत जातो. पिशवी कमरेच्या खाली लटकलेली हवी, जमिनीला टेकलेली नको. सलाईनची सुई जिथे आहे तिथे लाली, दुखरेपणा दिसला की सिस्टरना बोलवा. भेटायला येणाऱ्यांना खुर्ची द्या, पलंगावर बसू देऊ नका, आणि आल्या आल्या हातांना सॅनिटायझर. नणंदेच्या यजमानांनासुद्धा.

पुन्हा नाक तपासून रिपोर्ट निगेटिव्ह आल्याशिवाय ऑपरेशन करायचं नाही, असा काही सर्वमान्य नियम नाही. काही सर्जन पुन्हा तपासतात, काही नाही. तुमच्या डॉक्टरांची पद्धत विचारून घ्या. आणि सहा महिन्यांनी कधी परत पॉझिटिव्ह आला तर केलेलं वाया गेलं असं समजू नका. चीर पडते त्या दिवशी जंतू कमीत कमी असावेत, हाच हेतू होता.

तुमच्यासारखीच पत्रं दुसऱ्या परिस्थितीतल्या वाचकांचीही असतात, त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. घरचं माणूस अतिदक्षता विभागात असेल आणि सिस्टर रोज औषधी ओल्या फडक्यांनी अंग पुसत असतील, तर ‘चिकट वाटतंय’ म्हणून मागून साबणपाण्यानं पुसू नका. ते औषध वाळून अंगावर राहायचंच असतं. अमेरिकेत ४३ रुग्णालयांतल्या ७४ अतिदक्षता विभागांमध्ये झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कुणाचीही तपासणी न करता सगळ्यांनाच अशी अंघोळ आणि नाकाचं मलम दिल्यावर रक्तातले संसर्ग ४४ टक्क्यांनी घटले. साध्या वॉर्डात मात्र सरसकट सगळ्यांना अशी अंघोळ दिल्यानं तसा फायदा दिसला नाही, तिथे तो मानेतली किंवा छातीतली नळी वगैरे उपकरणं असलेल्यांमध्ये दिसला. तेव्हा जनरल वॉर्डात आपल्या पेशंटला हे मिळत नाही म्हणून वाद घालू नका.

एमआरएसए घेऊन जे वारंवार दवाखान्यात जात-येत असतात, त्यांना कधी कधी लांबचा कोर्स देतात. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या २०१९ च्या चाचणीत घरी सोडल्यावर सहा महिने, महिन्यातून दोनदा पाच-पाच दिवस अंघोळ, गुळण्या आणि नाकाचं मलम दिलं होतं, त्यानं एमआरएसएचे संसर्ग साधारण ३० टक्क्यांनी कमी झाले. हा कोर्स डॉक्टरांनी सांगितला तरच करायचा. आणि ज्यांच्या रिपोर्टमध्ये आतड्यातले चिवट जंतू, म्हणजे कार्बापेनेम या राखीव अँटिबायोटिकांनाही न जुमानणारे क्लेब्सिएला किंवा ई. कोलाय निघालेत, त्यांच्यासाठी असं मलम नाही. आतडं गोळ्यांनी ‘साफ’ करायची शिफारस युरोपातल्या तज्ज्ञांनीही २०१९ मध्ये नेहमीचा उपाय म्हणून केलेली नाही. तिथे वेगळी खोली, हातमोजे आणि संडासला जाऊन आल्यावर साबणानं हात, एवढंच कामाचं.

ताई, उद्या सकाळी दवाखान्यात फोन लावाल तेव्हा हे चार प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवा : कोर्स कोणत्या तारखेला सुरू करायचा? हे मलम नाकासाठीचंच आहे ना? औषधाची आणखी बाटली कुठे मिळेल? आणि सासूबाईंना हे सगळं डॉक्टर स्वतः पाच मिनिटं समजावून सांगतील का? शेवटचा प्रश्न नक्की विचारा. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यांत त्यांच्या लेखी फरक असणार, आणि डॉक्टरांच्या तोंडून ‘हे कुणामुळेही झालेलं नाही’ एवढं त्यांनी ऐकलं, तर त्या जेवायलाही लागतील.